खोका टाकू नकोस

माझ्या रायफलला गेलेला तडा मी पहिल्यांदा व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिला. २०१७ सालचा नोव्हेंबर. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये बसले होते आणि एकामागून एक चार फोटो आले. पहिल्यात खोका होता, त्याच्या एका टोकाला रुपयाच्या नाण्याएवढं भोक. दुसऱ्यात त्या भोकातून बाहेर आलेली नळी. तिसऱ्यात वाकडी झालेली मागची साईट. चौथ्यात लाकडी स्टॉक, आणि मुठीच्या मागे, जिथे लाकूड सगळ्यात बारीक असतं, तिथे केसासारखी एक रेघ. फोटोंखाली मेकॅनिकचा मेसेज होता. हिंदीत. ‘मॅडम, सिलिंडर भरलेला असताना लावूनच पाठवलात?’

मी दहा मीटर एअर रायफल खेळायचे. हडपसरला ससाणेनगरात आमचं घर आणि रेंज बालेवाडीत, म्हणजे पुण्याच्या बरोब्बर दुसऱ्या टोकाला. गाडीतळावरून बस, मग दुसरी बस. पाठीवर किट बॅग, हातात रायफलची लांब केस. कंडक्टर विचारायचे, ‘गिटार का?’ मी हो म्हणायचे. खरं सांगितलं की पुढचा अर्धा तास सगळी बस माझ्याकडे बघत राहायची.

रायफल जर्मन बनावटीची, सेकंडहँड, एक लाख दहा हजारांची. त्यातले सत्तर हजार पप्पांनी पीएफमधून काढले होते. पप्पा हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत डिस्पॅचला होते. लोखंडाची जड यंत्रं लाकडी पेट्यांत बसवून ट्रकवर चढवायची, हे त्यांचं चोवीस वर्षांचं काम. ‘पॅकिंगवाला’ असं मी त्यांच्याबद्दल कोणाला सांगत नसे. ‘कंपनीत आहेत’ म्हणायचे.

त्या वर्षी राज्य स्पर्धेच्या तीन आठवडे आधी रायफलची हवा गळायला लागली. आतलं सील गेलं होतं. दुरुस्ती उत्तरेकडच्या एका शहरात व्हायची. पप्पांची रात्रपाळी होती, ते झोपलेले. त्यांना उठवून विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही. किराणा दुकानातून एक लांब खोका आणला, टीव्हीचा जुना थर्माकोल तोडून टाकला, आठ दिवसांचे पेपर चुरगाळून भरले आणि टेपचं अख्खं रीळ संपवलं. वर मार्करने तिन्ही भाषांत लिहिलं : नाजूक, सांभाळून. कुरिअरच्या काउंटरवर फॉर्मात ‘क्रीडा साहित्य’ आणि किंमत पाच हजार लिहिली, कारण किंमत वाढली की विम्याचे पैसे वाढत होते.

नुकसान भरपाई अर्थात मिळाली नाही. पाच हजारांच्या क्रीडा साहित्याला कोण किती देणार? राज्य स्पर्धेत मी मैत्रिणीच्या रायफलने खेळले आणि जशी खेळायची तशीच खेळले. वाईट.

पुढची कितीतरी वर्षं माझ्याकडे ही गोष्ट तयार होती : मी पुढे गेले असते, पण कुरिअरवाल्यांनी माझी रायफल मोडली. ही गोष्ट सांगायला सोपी होती. ऐकणारे लगेच हळहळायचे.

---

एअर रायफल नाजूक असते असं म्हटलं की लोकांना हसू येतं. पाच किलोचं धूड, त्यात नाजूक काय? तर आकडे बघा. दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. ठिपका कसला, पेनाची टोचच. त्यावर जो छर्रा मारायचा तो साडेचार मिलिमीटरचा. २०१३ पासून पात्रता फेरीतही दशांशात गुण मोजतात. म्हणजे नुसता दहा पुरत नाही, १०.९ हवा.

आता नळीच्या पुढे एक साईट आणि डोळ्याजवळ दुसरी. दोन्हींमध्ये अंतर समजा पाऊण मीटर. मागची साईट एक दशांश मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर छर्रा सव्वा मिलिमीटरहून जास्त सरकतो. हे खरं तर निस्तरता येतं. रेंजवर दहा-पंधरा छर्रे झाडून, साईटच्या चकत्या टिक-टिक फिरवून झिरो पुन्हा बसवता येतो. पण साईटचा पाया वाकलेला असेल, तर आज बसवलेला झिरो उद्या हलतो. आणि स्टॉकला तडा असेल तर सगळ्यात वाईट, कारण मग रायफल प्रत्येक शॉटला किंचित वेगळी बसते आणि आपल्याला वाटतं, चूक आपलीच आहे. श्वास चुकला, ट्रिगर ओढला, लक्ष नव्हतं. मोडलेली वस्तू बरी, ती कळते तरी.

टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, मनू भाकरच्या एअर पिस्तूलचा कॉकिंग लिव्हर ऐन पात्रता फेरीत तुटला. दुरुस्तीत वेळ गेला आणि थोडक्यात तिची अंतिम फेरी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसला तिने दोन कांस्यपदकं घेतली, हे सगळ्यांना माहीत आहे. मला मात्र टोकियोचा तो व्हिडिओच आठवतो. हातात बिघडलेलं यंत्र आणि समोर सरकणारं घड्याळ.

---

२०२४ च्या ऑगस्टमध्ये मी रायफल विकायला काढली. खेळणं सुटून पाच वर्षं झाली होती. स्टॉक दुरुस्त करून घेतला होता, साईट नवी बसवली होती, पण केस कपाटावरच पडून होती. पॅरिसची पदकं नुकतीच आली होती. मनूची, सरबज्योतची आणि आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेचं. सगळीकडे मुलं-मुली रायफली शोधत होती. माझ्या जुन्या कोचने एक नंबर दिला. चंद्रपूर जिल्ह्यातली मुलगी, अकरावीत. शाळेच्या रायफलवर खेळते, ती चौघीत वाटून घ्यावी लागते. तिच्या वडिलांशी बोलणं झालं, पैसे ठरले. त्यांनी शेवटी एकच विचारलं, ‘पोचेल ना ताई बरोबर? एवढ्या लांबून?’

मी म्हटलं, पोचेल. आणि फोन ठेवल्यावर पोटात गोळा आला.

पप्पा आता रिटायर झालेत. सोफ्यावर पेपर वाचत होते. मी म्हटलं, ‘पप्पा, रायफल पाठवायचीय. पॅक करून द्याल?’

त्यांनी पेपर खाली केला. ‘करून देत नाही. शिकवतो.’

मग म्हणाले, ‘मागच्या वेळी विचारलं असतंस तर तेव्हाच शिकवलं असतं.’

सात वर्षांत या विषयावर ते बोललेलं हे पहिलं वाक्य.

---

पहिला धडा पॅकिंगचा नव्हताच. पप्पांनी मला कागद-पेन्सिल घेऊन बसवलं आणि म्हणाले, ‘तुझी पेटी किती हातांतून जाणार ते लिही.’ मी लिहिलं. काउंटर, तिथली छोटी गाडी, पुण्याचं गोदाम, मोठा ट्रक, नागपूरचं गोदाम, पुन्हा ट्रक, चंद्रपूरचं गोदाम, छोटी गाडी, दार. प्रत्येक ठिकाणी एकदा चढवणं, एकदा उतरवणं.

‘आता गोदामात रात्री तीन वाजता उभा असलेला माणूस बघ,’ ते म्हणाले. ‘त्याच्या हातातली ही कितवी पेटी असेल? तो वाईट नसतो गं. त्याचा खांदा दुखत असतो. तू वर काय लिहिलंय ते तो वाचत नाही, वाचलं तरी त्याच्याकडे वेगळी जागा नसते. पेटी पडणारच आहे असं धरून चालायचं. पडली नाही तर त्याचे उपकार.’

माझ्या गोष्टीतला खलनायक तिथेच थोडा विरघळला.

पडणं म्हणजे नक्की किती, हे मी नंतर शोधलं. पॅकिंग तपासण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धती आहेत. ‘इस्टा’ नावाच्या संस्थेच्या अगदी प्राथमिक चाचणीत साडेनऊ किलोच्या आतली पेटी साधारण ७६ सेंटिमीटरवरून दहा वेळा टाकतात. एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर, सहा वेळा सहा बाजूंवर. ७६ सेंटिमीटर म्हणजे स्वयंपाकाच्या ओट्याहून जरा कमीच. तेवढ्या उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग ताशी १४ किलोमीटरच्या आसपास असतो. आता प्रश्न एवढाच, की ती थांबते किती अंतरात. खोक्याचा पुठ्ठा दोन मिलिमीटर दबून थांबली, तर सरासरी दणका वजनाच्या ३८० पट. फोम अडीच सेंटिमीटर दबला, तर ३० पट. पाच किलोच्या रायफलला पहिल्या वेळी जवळजवळ १९०० किलोचा मार, दुसऱ्या वेळी दीडशेचा. सगळं पॅकिंग म्हणजे तेवढं थांबण्याचं अंतर विकत घेणं.

पप्पांना हे गणित सांगितलं तर म्हणाले, ‘तेच तर. घट्ट पाहिजे, पण कडक नको.’

---

आम्ही रविवारी बसलो. हॉलमध्ये चटई टाकली.

सगळ्यात आधी रायफल रिकामी आहे का ते बघायचं. बोल्ट उघडून, नळीत छर्रा नाही हे डोळ्यांनी पाहून, मग दुसऱ्या माणसाला दाखवून. मला हे माहीत होतं, पण पप्पांनी स्वतः वाकून पाहिलं तेव्हा बरं वाटलं. स्प्रिंगची एअरगन असेल तर ती कॉक केलेल्या अवस्थेत कधीच पाठवायची नाही. पडून सुटली तर काय, आणि स्प्रिंग तितके दिवस दाबून ठेवल्यावर तिचं काय.

मग सिलिंडर. माझ्या रायफलचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरतो. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, त्यावरून अंदाज करा. २०१७ मध्ये मी असला भरलेला सिलिंडर रायफलला लावून, पेपरच्या बोळ्यांत गुंडाळून देशभर फिरवला होता. तो माल कुठल्या विमानात चढला असता तर? कोणाच्या हातात फुटला असता तर? इतकी वर्षं मी फक्त माझ्या तडा गेलेल्या स्टॉकचं दुःख करत होते. या वेळी सिलिंडर रिकामा केला, काढला, तोंडावर टोपी बसवली आणि वेगळा गुंडाळला. त्याच्यावर बनवल्याची तारीख कोरलेली असते. त्यानंतर साधारण दहा वर्षांनी तो वापरातून काढायचा. मुलीच्या वडिलांना मी आधीच सांगितलं होतं की याची थोडीच वर्षं उरलीत, नवा घ्यावा लागेल. किमतीतून तेवढे पैसे कमी केले.

पुढे साईट्स. दोन्ही काढल्या. काढण्याआधी प्रत्येक आकड्याचा फोटो घेतला आणि स्टॉकवर जिथे जिथे काही सरकतं, म्हणजे गालाची पट्टी, खांद्याचा हुक, तिथे पेन्सिलने बारीक खूण केली. मागची साईट जुन्या टिफिनच्या डब्यात फोम घालून बसवली. ‘जे बाहेर आलेलं असतं ते आधी मोडतं,’ पप्पा म्हणाले. ‘पंपाचा व्हॉल्व्ह असो नाहीतर ही तुझी दुर्बीण.’ ती दुर्बीण नाही, तिच्यात काच नसते, हे मी सांगितलं नाही.

पावसाळा होता. नळीवरून तेलाचा हलका हात फिरवला, पण जिथून उच्च दाबाची हवा जाते तिथे थेंबही जाऊ दिला नाही. पेपर थेट लोखंडाला लावायचा नाही, तो ओल धरतो. पप्पांनी पिवळसर मेणचट कागद आणला होता, लोखंडाला गंज चढू न देणारा. त्यांच्या कंपनीत यंत्रं त्यात गुंडाळायचे. बूट घेतले की खोक्यात ज्या पांढऱ्या पुड्या मिळतात, त्या आईने कपाटात साठवल्या होत्या. त्या पाच-सहा टाकल्या.

आणि नळी. पहिल्या वेळी खोक्याला भोक पाडून बाहेर आली होती ती. पाच किलोची वस्तू लांबट खोक्यात पुढे-मागे सरकायला लागली की तिचा हातोडा होतो. पेपरचे बोळे पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये दबून बसतात, मग हातोड्याला आणखी जागा मिळते. थर्माकोल तुटतो, त्याचा चुरा होतो. पप्पांनी नळीच्या टोकावर प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा चढवला, आत फोमची गुंडाळी. पाइपाचं टोक रायफलच्या केसच्या भिंतीला नाही, तर प्लायवूडच्या एका चौकोनी तुकड्याला टेकलं. ‘आता सगळं वजन एका टोकावर येणार नाही. पाटीवर पसरेल.’

केसमध्ये रायफल बसवली. उरलेल्या सगळ्या पोकळ्या रामटेकडीजवळच्या भंगारवाल्याकडून आणलेल्या पांढऱ्या फोमने भरल्या. केस बंद. आता केसच्या बाहेर सात प्लायचा खोका, चारी बाजूंनी पाच-पाच सेंटिमीटर जागा सुटेल असा, आणि त्या जागेत पुन्हा फोम. खोक्याच्या वरच्या-खालच्या फटींवर टेप इंग्रजी एच अक्षरासारखी. वरून प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या.

‘उचल,’ पप्पा म्हणाले. ‘हलव. कानाशी धर.’

मी हलवलं. आत कुठेतरी ‘टक्’ झालं.

‘उघड.’

‘पप्पा, एवढ्याशा आवाजाने—’

‘उघड. आत्ता तुला एकदा ऐकू आलं. सातशे किलोमीटरमध्ये किती वेळा होईल ते?’

उघडलं. टिफिनच्या डब्याचं झाकण होतं. डबा आणखी एका फोममध्ये घट्ट बसवला, सगळं पुन्हा बंद केलं. या वेळी आवाज आला नाही. मग पप्पांनी तो खोका ओट्यावर ठेवला आणि माझ्याकडे बघून ढकलून दिला. आई स्वयंपाकघरातून ओरडली. खोका कोपऱ्यावर पडला, उलटला. आम्ही दोघांनी तो उचलून कानाशी धरला. गप्प होता.

---

खरी अडचण दुसऱ्या दिवशी आली. गाडीतळाच्या आसपासच्या तीन काउंटरांनी ‘गन’ शब्द ऐकताच हात वर केले. कागद बघायलाही कोणी तयार नव्हतं. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ०.१७७ इंचापर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअरगनला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या रायफलची ताकद साडेसात ज्यूलच्या आसपास असते. पण काउंटरवरच्या पोराला नियम माहीत नव्हते, आणि माहीत नसताना नाही म्हणणं हे त्याच्या दृष्टीने शहाणपणाचंच होतं.

चौथ्या ठिकाणचा माणूस समजूतदारपणे म्हणाला, ‘खेळणी लिहा ना मॅडम. कोण उघडतंय?’

मोह झाला. शपथेवर सांगते, झाला. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतही टाकता आली असती. तिथे कोणी काहीच विचारत नाही, आणि हरवलं तर आपणही कोणाला विचारू शकत नाही. मी पप्पांना फोन केला. ते म्हणाले, ‘आत काय आहे ते पेटीला खोटं सांगितलं की पॅकिंग वाया गेलं.’

शेवटी रस्त्याने माल नेणारी एक ट्रान्सपोर्ट कंपनी मिळाली. आधी फोन करून विचारलं, लेखी होकार घेतला. खरेदीचं बिल, दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती, विक्रीचं पत्र, सिरीयल नंबरचा फोटो आणि ‘खेळाची एअर रायफल, ०.१७७, रिकामी, सिलिंडर हवाविरहित’ असं माझ्या सहीचं निवेदन. एक संच त्यांना, एक खोक्याच्या आत. खोक्याबाहेर मात्र फक्त नाव-पत्ता, आत काय आहे याची जाहिरात नाही. किंमत खरी लिहिली आणि विम्याचे पैसे भरले. ते पैसे मला २०१७ साली वाचवायचे होते.

---

सहा दिवस मी ट्रॅकिंगचं पान उघडत राहिले. त्या दिवसांत एक जुनी वही सापडली. माझ्या सरावाचे गुण. कुरिअरला द्यायच्या आधीच्या चार महिन्यांचे आकडे ओळीने होते. वाढत नव्हते. तडा जाण्याच्या किती तरी आधी मी एका जागी अडकले होते आणि ते मला माहीत होतं. मोडलेल्या रायफलने माझं नुकसान केलं हे खरंच. पण तिने मला एक सोयीचं कारणही दिलं, आणि ते मी सात वर्षं नीट गुंडाळून ठेवलं. त्याला कुठे तडा जाऊ दिला नाही.

सातव्या दिवशी दुपारी ऑफिसात व्हिडिओ कॉल आला. खोका जमिनीवर, एक कोपरा चेपलेला. म्हणजे पडला होताच. मुलगी कात्रीने पट्ट्या कापत होती, तिचे वडील मागून ‘हळू, हळू’ करत होते. वीस मिनिटांनी मी विचारलं, ‘निघाली का?’

‘ताई, अजून खोलूनच राहिली मी!’

रायफल निघाली. तिने आधी बोल्ट उघडून नळीत पाहिलं, मग वडिलांना दाखवलं. मी सांगितलं नव्हतं, तिला शिकवलेलं होतं. मुठीमागची दुरुस्तीची रेघ तिला मी विकण्याआधीच दाखवली होती. तिने त्या रेघेवरून बोट फिरवलं. जशी होती तशीच होती. टिफिनच्या डब्यातून साईट काढून हसली आणि म्हणाली, ‘डबा परत पाठवू का?’

संध्याकाळी घरी येऊन पप्पांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी चेपलेल्या कोपऱ्यावर थांबवून झूम केलं आणि बराच वेळ बघत राहिले. मुलगी, रायफल, तिचे वडील, यातलं काहीच नाही. फक्त तो कोपरा.

‘पाच सेंटिमीटर होतं म्हणून वाचलं,’ म्हणाले. मग, ‘तिला सांग, खोका टाकू नकोस. फोमपण ठेव. तिलाही कधीतरी दुरुस्तीला पाठवायला लागेल.’

मी मेसेज केला. तिचा अंगठा आला, आणि मागोमाग एक फोटो. खोका तिच्या पलंगाखाली सरकवून ठेवलेला होता.